निष्काम कोणी व्हायचं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या गुरुवारच्या अभ्यासासाठी आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द घेतला आहे: निष्काम. बैठकीत, घरात, फोनवर, महाप्रसादाच्या तयारीत हा शब्द आपण सहज वापरतो. पण एक प्रश्न सहसा विचारत नाही. निष्काम व्हायचं ते काम करणाऱ्याने, हे तर ठीकच. पण त्याला "तू निष्काम हो" असं सांगायचं कोणी? इथे आपली गडबड होते, आणि ती लहानसहान नाही. तिच्यामुळे घरातली माणसं मनाने दूर जातात आणि केंद्रातले जुने सेवेकरी एक दिवस येईनासे होतात. म्हणून आज जरा मुळापासून बघू या. घरात गीता असेल तर दुसरा, तिसरा आणि अठरावा अध्याय जवळ ठेवा.

श्लोक कोणाला सांगितला?

दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. काम करणं तुझ्या हातात, फळावर तुझा हक्क नाही, असा त्याचा भाव. आता त्यातल्या "तुझा" या शब्दाकडे लक्ष द्या. मूळ संस्कृतातही तो एकवचनी आहे. भगवंतांनी तो अख्ख्या सैन्याला उद्देशून सांगितला नाही, रथात बसलेल्या एका अर्जुनाला सांगितला. म्हणजे हा श्लोक म्हणताना प्रत्येकाने अर्जुनाच्या जागी बसून तो ऐकायचा आहे.

आपण काय करतो? श्लोक म्हणता म्हणता कधी कृष्णाच्या जागी जाऊन बसतो ते कळतच नाही. समोरची सून, मुलगा, धाकटा भाऊ, स्वयंपाकघरात राबणारी गुरुभगिनी, हे सगळे मग आपले अर्जुन होतात. "अगं, अपेक्षा ठेवू नये गं, निष्काम करावं" हे वाक्य बहुतेक वेळा कोण म्हणतं ते आठवून बघा. ज्याला त्या कामाचा फायदा मिळालेला असतो, तोच बऱ्याचदा म्हणतो.

बरं, कृष्णाच्या जागी बसायचंच असेल तर कृष्ण तिथे काय करत होते तेही बघावं. त्यांच्या हातात घोड्यांचे लगाम होते. द्वारकेचा स्वामी सारथ्याचं काम करत होता. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचं काम कृष्णांनी आपल्याकडे मागून घेतलं, असं सभापर्वात आहे. आपले कीर्तनकार तर उष्ट्या पत्रावळी उचलणाऱ्या कृष्णाची गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगतात. तिसऱ्या अध्यायात, २२व्या श्लोकापासून पुढे, भगवंत स्वतःबद्दल म्हणतात की मला काही मिळवायचं राहिलेलं नाही, तरीही मी काम करतच असतो. निष्कामाचा उपदेश करणारा असा आहे. आधी लगाम हातात, मग उपदेश. पंख्याखाली बसून पोळ्या लाटणारीला निष्काम शिकवणं त्यात बसत नाही.

तिसऱ्या अध्यायातली दुसरी बाजू

आपण दुसरा अध्याय पाठ करतो आणि तिसऱ्यात लगेच आलेली गोष्ट सोडून देतो. ११ ते १३ हे तीन श्लोक सावकाश वाचा. विषय यज्ञाचा आहे. माणसांनी देवांना पोसावं, देवांनी माणसांना पोसावं, आणि असं एकमेकांना पोसत दोघांनी कल्याण साधावं, असं ११व्यात आहे. १२व्या श्लोकात भगवंत फार स्पष्ट बोलतात. ज्यांनी दिलं त्यांना काही न देता जो नुसता भोगतो, त्याला ते चोर म्हणतात. दुसरा कुठला सौम्य शब्द त्यांनी घेतलेला नाही. १३व्यात, जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पाप खातात, असं आहे.

श्लोकात देणारे म्हणजे देव आहेत हे खरं. पण घर हाही एक यज्ञच आहे ना? सकाळी सहा वाजता दूध तापवणारा हात, बँकेच्या रांगेत उभे राहणारे पाय, आजोबांच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावून ठेवणारी नात, हे सगळे देणारेच आहेत. त्यांच्याकडून घ्यायचं आणि वळूनही बघायचं नाही, तर भगवंतांचा तो शब्द आपल्यालाच लागू होतो.

म्हणजे गीतेत दोन्ही बाजू आहेत. देणाऱ्याला सांगितलं: फळाकडे डोळे लावून बसू नकोस. घेणाऱ्याला सांगितलं: दिल्याशिवाय भोगू नकोस. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा श्लोक वाचायचा. घेणारा देणाऱ्याला ४७वा श्लोक ऐकवू लागला, किंवा देणारा घेणाऱ्याला "तू चोर आहेस" म्हणू लागला, की दोन्ही श्लोकांची भांडणात ओढाताण होते.

आपल्याकडे दिसणारं चित्र

हे सगळं मला आताच का लिहावंसं वाटलं, ते सांगते. एका केंद्रातल्या एक ताई. नाव, गाव सांगत नाही. गुरुपौर्णिमेच्या स्वयंपाकाला दरवर्षी सगळ्यांच्या आधी येणार आणि मोठी पातेली घासून पालथी घातल्याशिवाय घरी जाणार नाहीत. अकरा वर्षं हा नेम. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना त्या घरात होत्या. केंद्रातून एकही फोन गेला नाही. पुढे बऱ्या झाल्यावर बैठकीला आल्या आणि सहज बोलून गेल्या, "कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं." त्यावर उत्तर मिळालं, "ताई, सेवेत अपेक्षा आली की सेवा संपली."

ताई काही बोलल्या नाहीत. नमस्कार केला, प्रसाद घेतला. नंतर त्या आल्या नाहीत.

उत्तर देणारी व्यक्ती वाईट नव्हती. वाक्यही चुकीचं नव्हतं. फक्त ते ताईंनी स्वतःच्या मनाशी म्हणायचं वाक्य होतं. केंद्राच्या वाट्याला १२वा श्लोक होता आणि तो कोणी उघडलाच नाही. अकरा वर्षं घेतलं आणि पाच मिनिटांचा फोन दिला नाही. असं झालं की आपण शास्त्राचा आधार घेऊन आपलीच माणसं गमावतो, आणि वर "त्यांची श्रद्धा कमी पडली" असं म्हणतो.

मान वेगळा, मदत वेगळी

आता देणाऱ्याच्या बाजूने बघू. आपल्यापैकी बऱ्याच भगिनींचा असा समज असतो की निष्काम म्हणजे काही मागायचंच नाही. पाठ मोडली तरी चालेल, पण "जरा हात लाव" म्हणायचं नाही. हे गीतेत कुठेही नाही.

अठराव्या अध्यायातल्या १४व्या श्लोकात कोणत्याही कामाची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. सोप्या भाषेत, अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधाराने काम होतं ते शरीर. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे इंद्रियं आणि साधनं. चेष्टा म्हणजे वेगवेगळ्या हालचाली, खटपटी. आणि दैव म्हणजे आपल्या हातात नसलेला भाग. तीनशे माणसांच्या पुरणपोळीला हे पाचही लागतात. गुडघे हे अधिष्ठान. पोळपाट, गॅस, हात ही करणं. पुरण बिघडलं नाही, ऐन वेळी सिलिंडर संपला नाही, हे दैव.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, "मी एकटीने केलं" हे मुळातच खरं नाही. पाचातला एक भाग आपला. हे नीट पटलं की मोठेपणाची हाव आपोआप थोडी सैल पडते, ती दाबावी लागत नाही. दुसरी गोष्ट, शरीर आणि साधनं ही कामाची कारणं आहेत, फळं नव्हेत. म्हणून मदत मागणं, विश्रांती घेणं, औषध वेळेवर घेणं, ठरलेली मजुरी मागणं, हे फळाची आशा धरणं होत नाही. दिव्यात तेल घालणं ही दिव्याची हाव नव्हे. माझं नाव फलकावर पहिलं हवं, माझ्या पोळ्यांचं कौतुक दुसरीच्या भाजीपेक्षा जास्त व्हायला हवं, हे मात्र फळ. मदत मोकळेपणाने मागावी, मानाची वाट बघू नये. एवढा फरक लक्षात ठेवला तरी मनावरचं अर्धं ओझं उतरतं.

शांत की थकलेली?

त्याच अध्यायात २६ ते २८ या श्लोकांत कर्त्याचे तीन प्रकार आहेत. सात्त्विक कर्ता मीपणाने बोलत नाही, यश आलं काय नि अपयश आलं काय डगमगत नाही, आणि त्याच्याजवळ धृती व उत्साह असतो. राजस कर्ता फळाच्या मागे असतो, क्षणात आनंदतो, क्षणात कोसळतो. तामस कर्त्याच्या लक्षणांत आळस आहे, विषाद आहे, आणि दीर्घसूत्रीपणा आहे, म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलत राहणं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो "उत्साह" हा शब्द. आपण एखाद्या घरात जातो. तिथली गृहिणी काही बोलत नाही, काही मागत नाही, रुसत नाही. आपण म्हणतो, किती निष्काम! पण तिचा चेहरा बघा. उत्साह आहे का? की वर्षानुवर्षं कोणी दखल घेतली नाही म्हणून तिने मागणंच सोडून दिलं आहे? पहिली सात्त्विक अवस्था. दुसरा विषाद, आणि त्याची जागा गीतेने तामसात दाखवली आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच शांत दिसतात. भांडी जास्त आपटली जाऊ लागली, देवपूजाही उरकल्यासारखी होऊ लागली, आवडती कामंही पुढे ढकलली जाऊ लागली, तर ते निष्काम नाही, ती थकलेल्या मनाची खूण आहे. अशा वेळी तिला ४७वा श्लोक ऐकवू नये. तिच्या हातातली कढई आपण घ्यावी.

परंपरेने जनाबाईंची गोष्ट आपल्याला दिलीच आहे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी जनाबाई. पहाटे तिच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. देवाने तिथे येऊन तिला निष्काम कर्मावर प्रवचन दिलं, असं कोणी सांगत नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला.

आपलं सगळं दिसतं, दुसऱ्याचं थोडंच

माणसाचा स्वभावच असा का? मला वाटतं, आपण आपलं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो आणि दुसऱ्याचं फक्त शेवटी बघतो. पोहे ताटलीत आले की ते पाच मिनिटांत संपतात. भिजवणं, निवडणं, कांदा चिरणं, ओट्यावरचं तेल पुसणं हे करणारीलाच माहीत. तसंच ऑफिसातून आठ वाजता घरी आलेला माणूस आपल्याला फक्त "उशिरा आला" असा दिसतो. दिवसभर कोणाचे शब्द झेलून आला, ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक घरात प्रत्येकाला अगदी प्रामाणिकपणे वाटतं की आपणच जास्त करतो. कोणीही खोटं बोलत नसतं.

आमच्या इंदूरचंच बघा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षामागून वर्षं पहिला नंबर आला, आणि आम्ही पाहुण्यांना कौतुकाने शहर दाखवतो. पण सराफ्यात रात्री खाऊन लोक घरी गेल्यावर जे झाडू घेऊन उतरतात त्यांची तोंडं आम्ही बघितलेली नसतात. सकाळी रस्ता स्वच्छ असतो, एवढंच कळतं. चांगल्या झालेल्या कामाची हीच गंमत आहे, ते दिसेनासं होतं. न झालेलं तेवढं लगेच दिसतं.

म्हणून दुसऱ्याची दखल घेणं हे आपोआप होणार नाही. डोळ्यांना ती सवय मुद्दाम लावावी लागते. आणि तीही साधनाच आहे.

स्तुती नदीत, पाणी बैलांना

दोन्ही श्लोक एकाच आयुष्यात कसे बसतात हे बघायचं तर आमच्या मातोश्री अहिल्याबाई होळकरांकडे बघावं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्य सांभाळलं. काशी, गया, सोमनाथ अशा किती ठिकाणी त्यांनी मंदिरं, घाट, धर्मशाळा उभारल्या, ते आपण जाणतोच. दानधर्माचा खर्च खासगीतून, राज्याचा खजिना वेगळा, हा त्यांचा नेम होता.

जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी नंतर माळव्यात होता. अहिल्याबाईंचा काळ पाहिलेल्या लोकांना विचारून त्याने लिहिलेलं पुस्तक १८२३ साली निघालं. त्यात एक हकिगत आहे. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीच्या योग्यतेच्या नाही असं म्हणाल्या, आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. हा झाला त्यांच्या वाट्याचा ४७वा श्लोक.

त्याच पुस्तकात आणखीही काही आहे. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी त्यांची माणसं रस्त्यांवर नेमलेली असत. महेश्वराच्या आसपास नांगर ओढणारे बैल मध्येच थांबवून त्यांना पाणी पाजलं जाई. पिकावरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांना खाता यावं म्हणून बाईंनी शेतं विकत घेऊन ठेवली होती. हा झाला १२वा श्लोक. स्वतःची स्तुती नको, पण शेतात राबणाऱ्या मुक्या बैलाचे कष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नव्हते. बैलाने निष्काम राबावं, असं त्यांनी म्हटलं नाही.

इतकं मोठं काही करायला आपल्याला जमणार नाही, असं वाटत असेल तर वडोद्याकडे बघा. विनोबांचं शिक्षण तिथे झालं. त्यांच्या आई रुक्मिणीबाई साध्या गृहिणी. शेजारच्या घरातली बाई अडली की त्या तिकडे जाऊन स्वयंपाक करून देत. मात्र आधी आपल्या घरचा उरकत, मग शेजारी जात. विनोबांनी एकदा त्यांना विचारलं, आपलं आधी आणि त्यांचं नंतर, हा स्वार्थ नाही का? आईचं म्हणणं असं की त्यांचं आधी करून ठेवलं तर जेवायच्या वेळेपर्यंत ते गार होईल. विनोबांनी आठवणींत हे सांगितलं आहे. त्या माउलीचं लक्ष आपल्याला काय म्हणतील याकडे नव्हतं, शेजाऱ्याच्या ताटातला घास गरम आहे का, याकडे होतं. निष्काम असंच ताटात दिसतं, बोलून दाखवावं लागत नाही.

या आठवड्याचा अभ्यास

परिवार-गटात हा पाठ वाचल्यावर पुढच्या चार गोष्टी करून बघाव्यात. उपदेश कोणी कोणाला करू नये, फक्त करून बघायचं.

१. सात दिवस "निष्काम" आणि "अपेक्षा ठेवू नये" हे शब्द दुसऱ्या कोणाला उद्देशून म्हणायचे नाहीत. स्वतःच्या मनाशी हवे तितक्या वेळा म्हणा.

२. रोज रात्री झोपण्यापूर्वी, आज आपल्याला कोणाकोणाकडून काय मिळालं, अशा तीन गोष्टी आठवायच्या. त्यातल्या एकीची दखल दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष घ्यायची. नुसतं "छान झालं" नको, काय छान झालं ते सांगायचं. "आमटीला आज चिंचेऐवजी कोकम घातलंस ना?" असं विचारलं की करणारीला कळतं, कोणीतरी चव घेऊन जेवलं.

३. ज्यांचे पैसे देणं लागतो ते वेळेवर द्यायचे. कामवाली बाई, इस्त्रीवाले, दूधवाले. ठरलेले पैसे हा त्यांचा हक्क आहे, त्यात आपलं औदार्य नाही. आपल्या घरी त्यांनी निष्काम राबावं अशी इच्छा मनात असेल, तर १२वा श्लोक पुन्हा वाचावा.

४. केंद्रप्रमुखांना आणि गटातल्या सगळ्यांना विनंती: गेल्या वर्षभरात येईनासे झालेल्या दोन जुन्या सेवेकऱ्यांची नावं काढा. फोन करा. "केंद्रात या" असं म्हणायला नको. "बरे आहात ना, गुडघा कसा आहे?" एवढंच विचारा. जमलं तर जाऊन भेटा. जाताना प्रसाद न्या.

आणि चर्चेसाठी एक प्रश्न. आपल्या घरात असं कोण आहे, जिला किंवा ज्याला आपण "याला काही लागत नाही" असं गृहीत धरलं आहे? नाव गटात लिहू नका. घरी त्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि काय लागतं ते विचारा.

पुढच्या गुरुवारी त्याच अध्यायातल्या धृतीच्या तीन प्रकारांचा अभ्यास करू, ३३ ते ३५ हे श्लोक वाचून ठेवा.

जय गुरुदेव.